लिटरचा मोह, किलोचा हिशेब

नवी मोटारसायकल बाजूच्या पेट्या बसवायला नेली की गॅरेजात पहिला पाना लागतो तो साडी-गार्डला. मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकलेला हवा, मागे बसणाऱ्याला हाताने धरायला आणि पाय टेकायला सोय हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो. हा नियम का आला, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही पाय डावीकडे टाकून बसलेली बाई, वाऱ्यावर सुटलेला पदर आणि शेजारी फिरणारं चाक हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पेटीच्या रॅकला नेमकी तीच जागा लागते. गार्ड उतरलं, रॅक चढला, पेटी अडकवली की त्या गाडीवर एका बाजूला पाय टाकून बसणं बंद. आईला किंवा सासूबाईंना देवळापर्यंत सोडायचं झालं तरी आधी पेटी काढावी लागते, आणि पेटी काढली की चाक उघडं पडतं. त्यामुळे हा निर्णय गाडी चालवणाऱ्याने एकट्याने घेण्यासारखा नाही. घरात बोलून घ्यावं, आणि पेट्या नसताना चाक पुन्हा झाकता येईल असाच रॅक मागावा.

हार्ड पॅनियर, म्हणजे कडक पेट्या, आपल्या रस्त्यांवर अलीकडेच दिसू लागल्या. त्याआधी बुलेटच्या एका बाजूला कुलपाची पत्र्याची किंवा फायबरची छोटी पेटी असायची. त्यात रेनकोट, पाने आणि गाडीची कागदपत्रं मावायची. २०१६ साली रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली, २०२० मध्ये केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर भारतात आली (ती बनते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात), २०२३ च्या अखेरीस हिमालयन ४५० आली. लेह, स्पिती, कन्याकुमारी ही नावं कॉलेजच्या कट्ट्यावरून निघाली आणि नोकरदार माणसाच्या रजेच्या अर्जात जाऊन बसली. पेट्यांचं दुकान या गाड्यांच्या मागोमाग उभं राहिलं. त्या दुकानात गिऱ्हाईक हमखास एकच प्रश्न विचारतं: किती लिटरची?

हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. पेटीत किती मावतं हे पेटी ठरवते, पण किती न्यायचं हे गाडी ठरवते, आणि गाडी ते किलोत सांगते.

प्रत्येक गाडीच्या हँडबुकात दोन वजनं असतात: गाडीचं पेट्रोलसकट स्वतःचं वजन आणि सगळं धरून जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक म्हणजे आपल्या हातात असलेला भार. तो १८० किलो आहे असं धरू. चालवणारा ७५ किलोचा. त्याचं हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून आणखी ८. मागे बसणारी ६०, तिचा जामानिमा ७. झाले १५०. उरले ३०. आता रॅकचे ५ किलो आणि दोन रिकाम्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांचे १० किलो वजा करा. सामानाला उरले १५ किलो. एकूण ७४ लिटरच्या या दोन पेट्यांत दोघांनी मिळून फक्त १५ किलो भरायचं! एकट्याने फिरणाऱ्याला गणित सोपं जातं, पण त्यालाही दुसरी मर्यादा आडवी येते. पेट्या बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या एका पेटीत १० किलोच्या आसपासच भरा असं सांगतात. तो आकडा पेटीच्या आत किंवा झाकणाखाली बारीक स्टिकरवर असतो, लिटरचा आकडा मात्र खोक्यावर मोठ्या अक्षरात.

जास्त भरलं तर काय होतं याचं जगाने पाहिलेलं उदाहरण ‘लाँग वे राउंड’ या मालिकेतलं आहे. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोचले. सोबत कॅमेरामन क्लाउडिओ फॉन प्लांटा, तिघेही बीएमडब्ल्यूच्या आर ११५० जीएस गाड्यांवर, ॲल्युमिनियमच्या पेट्या गच्च भरलेल्या. मंगोलियात जिथे रस्ता संपून नुसत्या चाकोऱ्या उरतात तिथे क्लाउडिओच्या गाडीची फ्रेम तुटली. गाडी दुरुस्तीला गेली आणि पुढचा टप्पा त्याने तिथेच मिळालेल्या, साध्या, हलक्या रशियन ‘इझ’ मोटारसायकलवर काढला. गंमत अशी, की त्या मालिकेमुळे जगभर ज्या गोष्टीची हौस वाढली ती ॲल्युमिनियमच्या पेट्यांचीच.

पण पेट्यांचा इतिहास टीव्हीपासून सुरू होत नाही. इटलीतली गिवी ही आज या धंद्यातली मोठी कंपनी १९७८ मध्ये जुझेप्पे व्हिसेन्झी या माजी शर्यतपटूने काढली. जर्मनीत टूराटेक १९९० मध्ये उभी राहिली. या दोघांच्या मध्ये येते ती एल्स्पेथ बेअर्ड. लंडनची ही आर्किटेक्चरची विद्यार्थिनी १९८२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एक सेकंडहँड बीएमडब्ल्यू आर ६०/६ घेऊन एकटीच जगाच्या फेरीला निघाली. सिडनीत पोचल्यावर पैसे मिळवायला तिने एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम धरलं, राहायला एक गॅरेज घेतलं, आणि त्या काही महिन्यांत ॲल्युमिनियमचा पत्रा दुमडून, रिव्हेट मारून कुलूप लावता येईल अशा पेट्या स्वतःच्या हाताने तयार केल्या. त्या पेट्यांनिशी ती ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया करत जहाजाने मद्रासला उतरली, तिथून कोलकाता, काठमांडू, दिल्ली, आणि पाकिस्तानमार्गे १९८४ मध्ये घरी पोचली. सुमारे ५६ हजार किलोमीटर. पत्रा, रिव्हेट आणि माप नीट घेण्याची सवय एवढ्यावर हे काम झालं, हे आजच्या गिऱ्हाइकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे तर याहून जुनी जाणकारी रोज पहाटे दारात येत होती. राजदूतवर किंवा एम-८० वर दुधाचे कॅन घेऊन येणारा गवळी आठवा. ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसत्या दुधाचेच ८० किलोंहून जास्त. गावच्या वेल्डरने सळी वाकवून केलेल्या लोखंडी चौकटीत ते दोन्ही बाजूंना लटकलेले असत: चाकाच्या आसाजवळ, जमिनीपासून जितके खाली आणता येतील तितके खाली, आणि दोन्हीकडे सारखे. भार आसावर, खाली आणि समतोल, हीच आजही पॅनियर बसवण्याची पहिली तीन कलमं आहेत. गाडीच्या कंपनीने सांगितलेली मर्यादा तो गवळी रोज ओलांडत असे, ते धडा म्हणून घेऊ नये. भाराची जागा मात्र त्याने अचूक ओळखली होती.

ही जागा का महत्त्वाची, ते आकड्यांत पाहता येतं. हिमालयन ४५० च्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १५१० मिलिमीटर आहे. मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागची पेटी, आहे आणि त्यात १० किलो आहेत असं समजा. तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या चाकावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो आणि मागच्यावर १४ वाढतात. तेच १० किलो बाजूच्या पेटीत आसाच्या बरोब्बर वर ठेवले तर पुढच्या चाकाला पत्ताही लागत नाही. पुढचं चाक हलकं झालं की हँडल सैल वाटतं, चढावरच्या वळणात गाडी बाहेर जाऊ पाहते, आणि सपाट रस्त्यावर वेग वाढला की मागचा भाग हळूहळू डोलायला लागतो. हे डोलणं घाबरून ब्रेक मारल्याने थांबत नाही. ॲक्सिलरेटर हळूच सोडावा लागतो. पेट्या लावल्यावर वेग ताशी १२० किंवा १३० किलोमीटरच्या आत ठेवा, ही कंपन्यांची सूचना यासाठीच असते. आपल्या रस्त्यांवर त्याच्याही बऱ्याच खाली राहिलेलं बरं.

मग पेटी जेवढी पुढे सरकवता येईल तेवढी सरकवावी का? तिथे पाय आडवा येतो. मागे बसणाऱ्याची टाच फूटरेस्टवर पूर्ण टेकायला हवी, आणि चालवणाऱ्याने गाडी पायांनी ढकलत मागे घेताना त्याच्या पोटऱ्या पेटीच्या कडेवर आपटायला नकोत. म्हणून बसवण्याच्या दिवशी घरच्या माणसाला सोबत न्यावं, दोघांनी बूट घालून गाडीवर बसावं आणि मगच भोकं पाडू द्यावीत.

रुंदीचा प्रश्न सायलेन्सरमुळे उभा राहतो. वर उचललेला सायलेन्सर उजवीकडची पेटी बाहेर ढकलतो, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून कारागीर डावीकडचीही तेवढीच बाहेर काढतो. आतल्या बाजूंमधलं अंतर ५० सेंटिमीटर आणि पेट्या प्रत्येकी २३ सेंटिमीटर जाड असतील तर एकूण रुंदी झाली ९६. या गाड्यांचं हँडल साधारण ८५ सेंटिमीटर रुंद असतं. फटीतून जाताना चालवणाऱ्याची नजर हँडल पाहून अंदाज बांधते. हँडल निघून जातं आणि मागची पेटी ट्रकच्या बंपरला लागते. वरंध घाटात समोरून एसटी आली की हे अकरा सेंटिमीटर फार महाग पडतात. याच मापांत पेटी १८ सेंटिमीटर जाड घेतली तर रुंदी ८६ वर येते आणि ४० बाय ४० च्या पेटीत तरीही जवळपास २९ लिटर मावतात. सायलेन्सरच्या बाजूला खाच दिलेली पेटीही मिळते. तिच्यात जागा कमी, पण गाडी अरुंद राहते. निवड करायची तर अरुंद पेटी घ्यावी. २९ लिटरमध्ये न मावणारं सामान बहुतेक वेळा न्यायचंच नसतं.

आता पत्रा. भोसरी-चाकण पट्ट्यात शीटमेटलची लहान वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, आणि चांगल्या कारागिराच्या हातची पेटी परदेशी पेटीपुढे मान खाली घालायला लावणारी नसते. मात्र त्याला कोणता पत्रा हवा ते सांगता आलं पाहिजे. ४० बाय ४० बाय २३ सेंटिमीटरच्या पेटीला जवळपास ०.६९ चौरस मीटर पत्रा लागतो. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला तर त्याचं वजन २.८ किलो होतं. झाकणाची दुमड, बिजागऱ्या, कड्या, कुलूप, कोपऱ्यांच्या टोप्या धरून पेटी साडेचार-पाच किलोंवर थांबते. त्याऐवजी एक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वापरला तर नुसता पत्राच ५.४ किलोंचा. ॲल्युमिनियममध्येही जाती आहेत. ५०५२ हा प्रकार बेंडिंग मशीनवर सुखाने वाकतो आणि पाण्याने सहसा गंजत नाही. ६०६१-टी६ जास्त कडक, पण काटकोनात वाकवताना दुमडीवर केसासारखी चीर जाते. ती चीर त्या दिवशी दिसत नाही. ती खड्ड्यांनी उघडते.

पेटी घ्यायला गेल्यावर आधी तिच्या तळाचा आतला कोपरा पाहावा. वेल्डिंग सलग आहे की ठिपक्याठिपक्यांची? रिव्हेट मारले असतील तर त्यांच्याखाली सीलंट आहे का? झाकणाच्या रबराचा जोड कुठे येतो? जोड पुढच्या बाजूला असेल तर ताम्हिणीच्या पावसात पाणी तिथूनच शिरेल. मग आतून बोट फिरवावं. कोटिंग नसलेलं ॲल्युमिनियम घासलं की काळी भुकटी सुटते. शे-दोनशे किलोमीटरच्या थरथरीत ती शर्टांवर, टॉवेलवर, भाकरीच्या फडक्यावर अशी बसते की धुऊन निघत नाही. आतून पावडर कोटिंग करून घ्यावं, नाहीतर प्रत्येक पेटीत तिच्या मापाची कापडी पिशवी घालावी. पिशवीचा दुसरा फायदा मुक्कामावर कळतो. पेटी गाडीवरच राहते आणि माणूस पिशवी उचलून खोलीत जातो.

प्लास्टिकच्या पेट्या हलक्या, गोलसर, दिसायला देखण्या असतात. गाडी पडली तर प्लास्टिकला तडा जातो, ॲल्युमिनियमला पोचा येतो, आणि पोचा स्पितीतल्या काझाच्या लोहाराकडे ठोकून निघतो. शिवाय बाजूने सुटकेससारखी उघडणारी पेटी पेट्रोल पंपावर उघडली की अर्धं सामान खाली येतं. वरून उघडणारी तसं करत नाही. या दोन कारणांसाठी लांबच्या, खराब रस्त्याला ॲल्युमिनियम उजवं. महामार्गावर राहणाऱ्याला प्लास्टिक पुरतं.

एवढं सगळं बोलून झालं तरी पेटीपेक्षा रॅक महत्त्वाचा. खरा ताण तोच सोसतो.

बाजूच्या रॅकला गाडीवर तीन ठिकाणी आधार हवा: वर मागच्या हँडरेलजवळ, खाली मागच्या फूटरेस्टजवळ, आणि मागे नंबर प्लेटच्या खालून डाव्या-उजव्या रॅकला जोडणारी आडवी पट्टी. ही आडवी पट्टी स्वस्तातल्या रॅकमध्ये हमखास गायब असते, किंवा नंबर प्लेट अडते म्हणून कारागीर ती गाळतो. तिच्याशिवाय प्रत्येक खड्ड्यात दोन्ही रॅक चाकाकडे आत दबतात आणि परत येतात, आणि हे सारखं वाकणं शेवटी वरच्या वेल्डिंगवर निघतं. भरलेल्या गाडीवर पेटीची बाहेरची कड हाताने धरून जोरात हलवावी. पेटी आणि गाडी एकदम हलली तर ठीक. पेटी आधी आणि गाडी नंतर हलली तर रॅक बदलावा. पाइपाचा व्यासही जुळायला हवा. पुष्कळ रॅक १८ मिलिमीटरच्या गोल पाइपाचे असतात, काही १६ चे. १८ साठी केलेली पकड १६ च्या पाइपावर बसते खरी, पण ते दोन मिलिमीटर दिवसभर खडखडतात आणि पत्र्यातली भोकं लांबट करून टाकतात.

सबफ्रेम नावाचा मागचा सांगाडा काही गाड्यांत मुख्य फ्रेमला वेल्ड केलेला असतो, काहींत बोल्टने जोडलेला. ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये तो बोल्टचा आहे. बोल्टचा असला तर वाकल्यावर बदलता येतो, ही चांगली बाजू. पण दोन्ही प्रकारांत सबफ्रेमवर नवीन वेल्डिंग करू देऊ नये. आधीच्या बोल्टांच्या जागा वापरून बसणारा रॅकच घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या शेजारचा पाइप कमजोर होतो आणि पुढे तो तिथेच तुटतो.

बसवताना आणखी एक गोष्ट करून पाहावी जी फारसं कुणी करत नाही. रॅक लावलेला असताना मागचं चाक काढून पाहावं. आस बाहेर ओढायला जागा आहे? चेन ताणायच्या नटापर्यंत पाना पोचतो? ट्यूबच्या टायरवर पंक्चर झालं तर रात्री, रस्त्याच्या कडेला, हेच काम करायचं असतं. तसंच दोन माणसांना मागे बसवून गाडी खाली दाबावी आणि टायर, इंडिकेटर, सायलेन्सर यांच्यापासून पेटी किती लांब राहते ते बघावं. सायलेन्सरपासून दोन-तीन सेंटिमीटरची फट आणि मध्ये उष्णता अडवणारी पट्टी हवी, नाहीतर आतल्या मेणबत्त्या, औषधं, चॉकलेटं एकजीव होतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. गाडीच्या मूळ रचनेत कंपनीच्या मापदंडांबाहेर बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०२० मध्ये केंद्राने दुचाकीवरच्या हलक्या कंटेनरसाठी मापं ठरवली: लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिलिमीटर, तो मागच्या सीटच्या जागी ठेवला तर गाडीवर फक्त चालक, सीटच्या मागे असला तर दुसरं माणूस बसू शकतं. गाडीच्या कंपनीचीच पेटी आणि रॅक घेतला आणि तो बिलावर आला तर नाक्यावर कागद दाखवता येतो. बाहेरून करून घेताना किमान नंबर प्लेट, इंडिकेटर आणि मागचा दिवा पूर्ण दिसतील याची काळजी घ्यावी.

या पेट्यांची सगळ्यात धोकादायक गोष्ट विकणारा कधीच सांगत नाही. चिखलात किंवा वाळूत, अगदी चालण्याच्या वेगात, गाडी कलू लागली की माणूस आपोआप पाय खाली टेकवतो. गाडी पुढे सरकत असते, पाय जमिनीत अडकतो, आणि मागून येणाऱ्या पेटीची खालची कड पोटरीवर किंवा घोट्यावर चढते. हाड मोडायला एवढं पुरतं. कापडी सॅडल बॅग अशा वेळी दबते, पेटी दबत नाही. त्यामुळे ग्रामफू-काझासारख्या रस्त्याला, जिथे दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं आणि तळाला गोटे असतात, तिथे एकट्याने जाणाऱ्याने कापडी बॅगाच न्याव्यात हे उत्तम. त्या वजनाला निम्म्याहून कमी असतात. धूळ शिरते, कुलूप नसतं, पावसाचं कव्हर विसरलं तर सगळं भिजतं, हे सोसावं लागतं; पण पाय शाबूत राहतो. दोघांनी कन्याकुमारीला, राजस्थानला, कोकण किनाऱ्याने गोव्याला जायचं असेल तर कडक पेट्यांसारखी सोय नाही. पेट्या लावून खडबडीत रस्त्यावर जायचंच असेल तर उंच, कडक घोट्याचे बूट घालावेत, आणि गाडी पडू लागली तर पाय फूटरेस्टवर ठेवून तिला पडू द्यावं. ही सवय रिकाम्या मैदानावर लावून घ्यावी लागते, आयत्या वेळी येत नाही.

पुण्याहून, मुंबईहून लडाखला जाणारे कितीतरी जण गाडी रेल्वेच्या पार्सलने चंडीगडला किंवा जम्मूला पाठवतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही बंदी, रजा मोजकी. पार्सलला देताना टाकी रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाटात बांधली जाते. अशा वेळी किल्लीने चटकन सुटणारी पेटी उपयोगी पडते; पेट्या सोबत डब्यात न्याव्यात. नट-बोल्टने कायमच्या बसवलेल्या पेट्या गाडीबरोबर गेल्या तर चढवता-उतरवताना हमाल त्यांनाच धरून गाडी उचलतात.

सामान भरण्याआधी घरच्या वजनकाट्यावर दोन्ही पेट्या चढवाव्यात आणि फरक किलोभराच्या आत आणावा. हत्यारं, पंप, ट्यूब, चेनचं तेल तळाला आणि गाडीकडच्या बाजूला, कपडे वर, झाकणाला टेकून काही नको. शाम्पू, तेलाच्या बाटल्या पूर्ण भरू नयेत, कारण खारदुंगलाच्या ५३०० मीटरहून जास्त उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो आणि भरलेली बाटली आतल्या आत वाहते. मग मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवावा, टायरमध्ये हँडबुकात डबलसीटसाठी दिलेली हवा भरावी. मागची बाजू खाली बसली की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तोही खाली आणावा. साइड स्टँडचं एक विचित्र होतं: भरलेली गाडी खाली बसते, स्टँड मात्र तेवढाच लांब राहतो, त्यामुळे गाडी जास्त सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने उलट बाजूला आडवी होते. ढाब्यावर उतारावर गाडी लावताना हे आठवावं.

पहिली फेरी लांबची नसावी. पेट्या भरून पुण्याहून महाबळेश्वर, किंवा मुंबईहून माळशेज घाट, एवढी पुरते. निघण्याआधी रॅकच्या प्रत्येक बोल्टला लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावावं, बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीवर नेलपेंटची एक आडवी रेघ ओढावी, आणि घरी आल्यावर टॉर्च घेऊन सगळ्या रेघा तपासाव्यात. ज्या रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसतील तो बोल्ट हलला. तो पुन्हा आवळायचा, नवी रेघ मारायची, आणि पुढच्या रविवारी आणखी एक फेरी.